तुम्ही काय काय सोडलंत?

फॉर्ममधला एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये. पेल्विक हेल्थ फिजिओथेरपीच्या, म्हणजे खोकताना-शिंकताना लघवी गळण्यासारख्या त्रासांसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जे उपचार करतात त्यांच्या, पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधी घरून भरून आणा म्हणून दिलेला फॉर्म, त्यात आधी नेहमीचंच सगळं होतं, वय, बाळंतपणं किती, नॉर्मल की सिझेरियन, ऑपरेशनं झालीयेत का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, पाळी वेळेवर येते का. मी भराभर लिहीत सुटले होते. आणि मग दुसऱ्या पानावर अगदी खाली हे: या त्रासामुळे तुम्ही कोणकोणत्या गोष्टी करणं सोडलं आहे? पुढे रिकाम्या ओळी. माझ्या हाताने आपोआप 'काही नाही' लिहायला घेतलं होतं, कारण खरंच, मी सगळं करतेच की, नोकरी, घर, मुलीची शाळा, काही अडलंय कुठे. मग आठवल्या दोरीच्या उड्या. मुलगी बोलावते तेव्हा मी उड्या मोजायला उभी राहते, मारायला नाही. मग आठवलं की फिक्या रंगाच्या पँट्स कपाटात पार मागे गेल्यात. लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की आदल्या दिवशीपासून पाणी बेतानं. सर्दी झाली की धास्ती वाटते ती शिंकेची. कुणी जोक सांगायला लागलं की आधी पाय जवळ घ्यायचे आणि मगच हसायचं. ओळी संपल्या तशी मी समासात लिहायला लागले.

यातलं एकही मी ठरवून सोडलं नव्हतं.

तेव्हापासून आई सारखी डोळ्यासमोर येतेय. आम्ही कुठेही गेलो, लग्नाला, दवाखान्यात, कुणाच्या घरी, की आईची नजर आधी टॉयलेट कुठंय ते शोधायची. आम्हा मुलांना ती तिची सवय वाटायची, जशी कुणाला सारखी पर्स चाचपायची असते तशी. निघता निघता ती 'थांबा गं, जाऊन येते' म्हणायची आणि आम्ही दारात चपला घालून कंटाळायचो. खोकल्याची उबळ आली की ती हातातलं काम टाकून भिंतीला टेकायची, एक हात ओटीपोटावर. बाबा पाणी आणून द्यायचे, त्यांना वाटायचं ठसका लागला. मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारलं होतं तर म्हणाली, बाळंतपणं झाली की असं व्हायचंच, वय झालं की जास्त व्हायचं, त्यात काय सांगायचं. आणि मी ते ऐकून घेतलं आणि आपल्यालाही व्हायचंच आहे कधीतरी असं मनात कुठेतरी ठेवून दिलं. आता त्याचा राग येतो, तिच्यावर नाही, पण नक्की कुणावर तेही सांगता येत नाही. एवढी वर्षं ती डॉक्टरांकडे बीपीसाठी जायची, गुडघ्यासाठी जायची, तिला कुणीच विचारलं नाही की शिंकताना लघवी होते का. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं असं मला वाटतं.

अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती. डोक्यात एकच, आत गेल्या गेल्या झोपवतील, पाय वर बांधतील, थंडगार लोखंडी काहीतरी आत घालतील. यातलं काहीच झालं नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण मी ज्या कारणासाठी कितीतरी दिवस फोन करायचं टाळत होते ते कारणच मुळात तिथे नव्हतं. खोलीचं दार आतून बंद केलेलं, पडदा, दोन खुर्च्या, एक टेबल, आणि त्या मॅडमनी मला खुर्चीत बसवलं आणि आम्ही बोलत बसलो. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ बोलण्यातच जातो. दिवसातून किती वेळा लघवीला जाता, रात्री उठावं लागतं का, गळते ती कधी, खोकताना, उचलताना, की दाराच्या कुलपात किल्ली घालताना. थेंब की पँटी बदलावी लागते. जोरात लागली की थांबवता येते का, की धावावंच लागतं. सुरू व्हायला वेळ लागतो का, झाल्यावर पूर्ण झाली असं वाटतं का. खाली जड वाटतं का, काहीतरी खाली उतरल्यासारखं. मग संडासचं, रोज होते का, कुंथावं लागतं का, गॅस धरून ठेवता येतो का. त्यासाठी चित्रांचा एक तक्ता पुढे ठेवला, ब्रिस्टल स्टूल चार्ट, शौचाचे 7 प्रकार, आणि त्यातल्या तुमच्यासारखा कुठला ते फक्त बोट ठेवून दाखवायचं. मला त्या तक्त्याचे फार उपकार वाटले, शब्द शोधावे लागले नाहीत.

आणि त्या विचारत होत्या त्या आवाजाबद्दल लिहायलाच हवं. जेवण झालं का विचारतात त्या आवाजात त्यांनी विचारलं की संबंधांच्या वेळी दुखतं का, सुरुवातीला दुखतं की आत खोलवर, नंतर दुखत राहतं का. माझा आवाज खाली गेला होता, त्यांचा नाही. त्या म्हणाल्या, उत्तर द्यायचं नसेल तर पुढे जाऊया, नंतर कधी वाटलं तर सांगा. मी थोडा वेळ गप्प बसले आणि मग सांगितलं. बाळंतपणाचं पण सगळं विचारलं, कळा किती वेळ दिल्या, चिमटा लावला होता का, बाळाचं वजन किती होतं, टाके किती आणि कुठे, नंतर तिथे बसताना किती दिवस दुखलं. टाक्यांचं मला कुणी एवढं विचारलंच नव्हतं आजवर, बाळ कसंय हेच सगळे विचारतात, आणि ते बरोबरच आहे, पण तरी.

मला आधी तीन दिवसांची लघवीची नोंद करून आणायला सांगितली होती. किती वाजता गेलात, किती झाली, काय प्यायलात, किती प्यायलात, कधी गळली. मापाचं भांडं घेऊन बसायचं आणि लिहायचं. कंटाळवाणं काम आहे पण त्या कागदावरून मॅडमनी जे सांगितलं ते माझ्या आईच्या 'थांबा गं, जाऊन येते' ला जाऊन लागलं. साधारण दीड-दोनशे मिली लघवी साठली की पहिली जाणीव होते, ती नुसती जाणीव असते, लगेच जावं लागत नाही. पिशवीत आरामात चारशेच्या आसपास मावते. पण आपण निघायच्या आधी, झोपायच्या आधी, मीटिंगच्या आधी, लागली नसताना जाऊन येत राहिलो, की पिशवीला थोडं भरलं तरी ओरडायची सवय लागते. पाणी कमी करूनही उपयोग होत नाही, लघवी घट्ट पिवळी होते आणि ती पिशवीला उलट जास्त टोचते. म्हणजे जपून राहायचे आमच्या घरातले जे दोन उपाय होते, ते दोन्ही त्रासात भर घालणारे होते. चहा-कॉफीने काहींची घाई वाढते, त्यामुळे तेही नोंदीत बघतात.

मग टेबलावरचं कमरेच्या हाडांचं मॉडेल त्यांनी हातात दिलं. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भाशय आणि मलाशय टेकलेलं, आणि तिच्यातूनच तिन्ही वाटा खाली येतात. श्वास आत घेतला की ही झोळी किंचित खाली उतरते, सोडला की वर येते, वरच्या श्वासपटलाबरोबर, दिवसभर, आपल्याला कळत नाही. शाळेत मी हृदयाचे चार कप्पे नावांसकट पाठ केले होते, रंगीत पेन्सिलींनी. हे कधी कुणी फळ्यावर काढलं नाही. ते प्लास्टिकचं मॉडेल हातात फिरवताना मला स्वतःच्या अंगाबद्दल एक विचित्र माया वाटली, आत्तापर्यंत त्या भागाबद्दल मला एक तर लाज वाटायची नाही तर काळजी.

तपासणीची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी सगळं तोंडी सांगितलं, काय करणार, कशासाठी करणार, किती वेळ. आतून तपासणी आजच करायला हवी असं नाही, कधीच करायला हवी असंही नाही, बाहेरून बघून किंवा ओटीपोटावर अल्ट्रासाऊंड ठेवूनही बरंच कळतं. सोबत अजून एक बाई खोलीत हवी असेल तर बोलावता येते, आपली आई-बहीण-मैत्रीण थांबली तरी चालतं. पाळी चालू असली तरी तपासता येतं, नको वाटत असेल तर तसं सांगायचं. केस काढून जायची काही गरज नाही. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं म्हणजे ग्लोव्ह्ज दुसरे घेतात. मग आधी उभं राहून श्वास कसा घेते ते बघितलं, आडवं होऊन डोकं थोडं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर-खाली बोटांनी पोटाच्या दोन स्नायूंमधलं अंतर बघितलं, बाळंतपणानंतर ते अंतर काहींचं रुंदच राहतं. मग त्या पडद्याबाहेर गेल्या, मी कमरेखालचे कपडे काढून चादर ओढून घेतली, पाठीवर झोपून गुडघे दुमडून. पाय बांधणं वगैरे नाही. लोखंडी काही नाही.

मी आता स्पर्श करू का, असं त्यांनी विचारलं.

हे वाचताना किरकोळ वाटेल. पण मला त्या क्षणी लेबर रूम आठवली, तिथे कितीजण आले आणि हात घालून बघून गेले, एकमेकांशी आकडे बोलत, त्यातल्या कुणी माझ्या तोंडाकडे बघून असं विचारलेलं मला आठवत नाही. घाई होती, बाळाची काळजी होती, मी कुणाला दोष देत बसलेली नाही, पण ते अंगात राहिलं होतं हे मला या खोलीत कळलं, माझ्या मांड्या आपोआप आवळल्या गेल्या त्यावरून. त्या थांबल्या. हात मागे घेतला, म्हणाल्या घाई नाही, श्वास सोडा, आणि थांबवायचं असेल तर नुसतं 'थांबा' म्हणायचं, कारण सांगायची गरज नाही. मी एकदा मुद्दाम 'थांबा' म्हणून बघितलं. त्या खरंच थांबल्या. मला रडू आलं आणि त्यांनी टिश्यूचा बॉक्स सरकवला, अशा रडण्याची तिथे सवय असणार.

आधी बाहेरून, त्वचा कशी आहे, टाक्यांचा व्रण कसा आहे, खोकायला सांगितलं आणि काही खाली उतरतंय का, गळतंय का ते बघितलं. मग ग्लोव्ह, जेल, एक बोट. डावीकडे हलकेच दाबून, उजवीकडे दाबून, इथे दुखतंय का, इथे. डावीकडे दुखलं, जुन्या टाक्यांच्या बाजूला, तर त्यांनी तिथून बोट लगेच हलवलं आणि लिहून घेतलं. मग म्हणाल्या, गॅस आणि लघवी एकदम अडवायची आहे असं समजून आत वर ओढा. त्याला 0 ते 5 गुण असतात, 0 म्हणजे हालचालच नाही, 5 म्हणजे बोटाला चांगला जोर लागतो. मग किती सेकंद धरता येतं, मग किती वेळा, मग पटापट आवळून सोडणं. आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडलं जातंय का हेही, त्यांनी सोडण्याकडे आवळण्याइतकंच लक्ष दिलं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

हे बोट कशासाठी लागतं, व्हिडिओ बघून व्यायाम केले तर काय बिघडलं, हा प्रश्न मलाही होता. 1991 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात 47 बायकांना हा आत वर ओढून धरायचा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावून सांगितला आणि मग करायला लावला. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. आणि साधारण पाव जणी अशा पद्धतीने करत होत्या की त्याने गळणं वाढू शकलं असतं, म्हणजे वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होत्या. मनापासून व्यायाम करणारी बाई रोज नेमाने स्वतःचं नुकसान करत असेल, आणि मग 'मला काही उपयोग नाही झाला' म्हणून सोडून देत असेल, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या नावाने हे व्यायाम ओळखले जातात त्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 च्या सुमाराला हे मांडलं तेव्हा सोबत दाब मोजणारं एक उपकरणही दिलं होतं, बाईला स्वतःचा जोर काट्यावर दिसावा म्हणून. काटा मागे पडला आणि नुसतं 'केगल करा' उरलं. बाळंतपणानंतर मलाही जाता जाता कुणीतरी तेवढंच सांगितलं होतं.

आणि प्रत्येकीचे स्नायू ढिलेच असतात असंही नाही, हे तर मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीचं उलट होतं, तिचे स्नायू सतत आवळलेले, संबंध जमायचेच नाहीत इतकं दुखायचं, आणि लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी तिला 'मन मोकळं कर, होईल सगळं' याच्यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला आवळायचे व्यायाम दिले असते तर दुखणं वाढलंच असतं. तिला पोटातून सावकाश श्वास, मांड्या आणि कंबर सैल करायचे प्रकार, आणि पुष्कळ नंतर, तिच्या स्वतःच्या हाताने, अगदी बारीक मापाच्या डायलेटरपासून, म्हणजे योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून आत घालायच्या गुळगुळीत नळीपासून, सुरुवात. सुरुवातीच्या कितीतरी भेटींमध्ये तिला आतून तपासलंच नव्हतं. ती मला हे सगळं मी माझ्या अपॉइंटमेंटचं सांगितल्यावर बोलली, त्याआधी कधीच नाही, आणि आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी आहोत.

घरी येताना हातात एक कागद होता. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचार कसे करावेत ते ठरवून देणाऱ्या संस्थेची शिफारस आहे की खोकताना-उचलताना गळण्यासाठी आधी किमान 3 महिने देखरेखीखाली हा व्यायाम करावा, दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आवळणी. माझा आकडा माझ्या ताकदीप्रमाणे लिहून दिला, आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. लघवी करताना मध्येच अडवून व्यायाम करायचा नाही. शिंक येतेय असं वाटलं की शिंकेच्या आधी आवळून धरायचं, हे एवढंसं तंत्र, पण माझा पहिला विश्वास त्याच्यावर बसला. एकदम जोरात लागली तर धावायचं नाही, जागच्या जागी थांबायचं, पटापट आवळायचं, कळ ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. संडासला पायाखाली छोटं स्टूल, कुंथायचं नाही. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तपासणारी, तिच्या 2018 च्या आढाव्यात असं दिसलं की खोकताना-हसताना गळणाऱ्या बायकांपैकी व्यायाम केलेल्यांमध्ये 100 पैकी 56 जणींनी बरं झाल्याचं सांगितलं, काहीच उपचार न घेतलेल्यांमध्ये 6 जणींनी. म्हणजे सगळ्याच जणी नाहीत. कुणाला योनीत बसवायची रिंग लागते, कुणाला औषधं, कुणाला शेवटी ऑपरेशन. आणि लघवीत रक्त दिसलं, किंवा मांड्यांच्या मध्ये अचानक बधिर वाटायला लागलं, लघवी-संडासवरचा ताबा एकदम गेला, तर फिजिओची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर.

व्यायाम रोज होतातच असं नाही. डावीकडचं दुखणं कमी झालंय, गळणं कमी झालंय, गेलेलं नाही. पण मी जे आधी घेऊन फिरत होते त्यातलं एक ओझं व्यायाम सुरू व्हायच्या आधीच त्या खुर्चीत उतरलं होतं, आणि ते कशाने उतरलं हे मला आईला सांगायचं होतं. फोनवर सांगणं बरं पडलं, समोर बसून जमलं नसतं दोघींना. मी सगळं सांगितलं, खुर्ची, प्रश्न, तक्ता, बोट सुद्धा. पलीकडून बराच वेळ नुसतं हं, हं. मग म्हणाली, 'पाळी जाऊन एवढी वर्षं झाली, आता माझ्या वयाला काय होणार गं त्याने?' मी म्हटलं होतं आई, या वयात पण स्नायू सुधारतात, आणि पाळी गेल्यावर तिथलं कोरडेपण वाढतं त्यालाही डॉक्टर लावायला क्रीम देऊ शकतात. 'आणि मी आत बघायचं नाही म्हटलं तर?' नाही बघणार. 'रागावणार नाहीत?' नाही गं. 'बाई आहेत ना?' बाईच आहेत, तू नंबर लावतानाच तसं सांगायचं. पुन्हा जरा वेळ काही नाही, मागे टीव्हीचा आवाज होता तो तिने बारीक केला. 'बरं, मग खोकल्याचं विचारते मी आधी. रात्री उठावं लागतं ते पण विचारते. बाकीचं त्यांनी विचारलं तर सांगेन.'